तारिमाला कुणी बोलावलं नव्हतं

ओहोटीने गलबत वाळूवर कलतं टेकलेलं होतं आणि खलाशी कोयत्यांचे गठ्ठे आणायला लोहारआळीत गेले होते, तेवढ्यात तारिमा वर चढून बसली. तिने आधी एक बोचकं, एक घागर आणि कंदाच्या पिठाच्या कासोआमीची टोपली वर टाकली. मग सारोंग गुडघ्यापर्यंत खोचून स्वतः चढली आणि डोलकाठीच्या मागे, माल भरायच्या तोंडावरच्या फळ्यांवर मांडी घालून बसली. हामुरु परत आला तेव्हा त्याला लांबून वाटलं, कुणीतरी पोतं विसरलंय.

हामुरु त्या गलबताचा तांडेल, आणि तारिमाचा धाकटा दीर.

"वहिनी, खाली उतरा."

"नाही उतरत."

"बायामाणसं आम्ही नेत नाही असं नाही. सगळ्यांना नेतो. पण तुम्हाला नाही."

"का?"

"का ते तुम्हाला माहीत आहे. सगळ्या बिनोंको बेटाला माहीत आहे. मला बोलायला लावू नका."

"मग बोलू नका. तोलेहाला लेकीकडे सोडा मला. हासनाला सातवा सरून आठवा लागलाय. पाय सुजलेत तिचे, तोंडही सुजलंय. गेल्या खेपेला मूल आतच गेलं. माझी बहीण अशीच सुजून गेली होती, भावजी. मी बघितलंय ते."

"हासनानं बोलावलंय का तुम्हाला?"

हासनाने बोलावलं नव्हतं. सूज आल्याचं तिने कळवलंही नव्हतं. तोलेहाहून परत आलेल्या एका खलाशाने विहिरीवर बायकांना सहज सांगितलं, ते तारिमाच्या कानावर पडलं. एकदा का पश्चिमेचा वारा सरला की पूर्वेकडे जाणारं एकही गलबत मिळणार नव्हतं. हे शेवटचं.

तिला उचलून खाली ठेवणं काही अवघड नव्हतं. हाडांचा सापळा, एका हाताने उचलला असता. पण मेलेल्या भावाच्या बायकोला हात लावायचा कुणी? हामुरु लावू शकत नव्हता, परके खलाशी तर नाहीच. म्हणून हामुरुने आळीतून दोन बायका बोलावल्या. त्या गुडघाभर पाण्यात येऊन उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "आमचे नवरे समुद्रावर आहेत. आम्ही नाही हात लावत हिला." आणि आल्या तशा गेल्या.

भरती चढत होती. म्हातारा बेंगो, सुकाणू धरणारा, पान थुंकून म्हणाला, "बसू दे रे. पाणी आलं की गलबत उचलेल, त्यात हीपण उचलेल. समुद्र काय विचारून उचलतो?"

"तू हस," खलाशी तिवो म्हणाला. "तुझं कोण गेलंय?"

तिवोचा थोरला भाऊ अंदारुच्या गलबतावर होता. अंदारु म्हणजे तारिमाचा नवरा. आठ वर्षांपूर्वी सहा माणसं घेऊन ते गलबत निघालं आणि सहाच्या सहा घेऊन बुडालं. पाण्यावर नुसतं एक वल्हं आणि कोंबड्यांची करंडी सापडली.

माणूस समुद्रावर गेला की त्याचं शीड नजरेआड होऊन तीन दिवस उलटेपर्यंत त्याच्या घरातून काही बाहेर टाकायचं नाही. केर नाही, राख नाही, खरकटं पाणी नाही. जे टाकाल त्याच्या मागोमाग घरधनी जातो. बिनोंकोतली लहान पोरगीसुद्धा हे जाणते. गलबत सुटलं की आया खराटे उचलून आढ्याला खोचून ठेवतात. आणि अंदारुचं शीड अजून क्षितिजावर नखाएवढं दिसत असताना, भर दुपारी, तारिमाने घर धुतलं. खराट्याने पाणी उंबऱ्याबाहेर लोटलं. शेजारणीने बघितलं. एकोणीस दिवसांनी बातमी आली तेव्हा शेजारणीने तोंड उघडलं.

का धुतलंस म्हणून सगळ्यांनी विचारलं, आणि तारिमाने सगळ्यांना एकच सांगितलं, "लहर आली."

लहर कसली! बारा वर्षांची हासना पहाटेपासून तापाने फणफणत होती. शुद्ध नव्हती तिला. दुपारपर्यंत ओकून, जुलाब होऊन पोर त्या घाणीतच लोळत होती, माश्या तिच्या ओठांवर बसत होत्या. तारिमा खराटा हातात घेऊन किती वेळ उभी होती ते तिचं तिलाच ठाऊक. तिला नियम माहीत होता आणि तिचा त्यावर विश्वासही होता, आजही आहे. पण पोर समोर होती आणि नवरा क्षितिजावर. तिने धुतलं. पुढे ती हे कुणाला सांगू शकली नाही, कारण सांगितलं असतं तर त्याच लोकांनी दुसऱ्या दिवशी म्हटलं असतं, बापाला पोरीने खाल्लं. त्यापेक्षा बाईने नवऱ्याला खाल्लं हे बरं. हासना बरी झाली. तिला त्या दिवसाचं काही आठवत नव्हतं. विहिरीवर जे ऐकू आलं तेवढंच घेऊन ती मोठी झाली, आणि अठरा वर्षांची होताच सगळ्यांत लांबचं स्थळ पत्करून निघून गेली. जाताना मामाच्या पाया पडली, आईच्या नाही.

गलबत तरंगलं. हामुरुने शकुनासाठी नाकाशी हात धरून कुठल्या नाकपुडीने श्वास मोकळा चाललाय ते बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि वैतागून म्हणाला, "नांगर घ्या."

तिवोने निघता निघताच बजावलं. हिने गलबतातून काही म्हणजे काही बाहेर टाकायचं नाही. माशाचा काटा नाही, धुण्याचं पाणी नाही. थुंकायचंसुद्धा नाही.

"आणि बाकीचं?" बेंगोने विचारलं. "तेही पोटात ठेवायचं का, तोलेहापर्यंत?"

"मडकं द्या तिला. ते बेंगो, तू ओत."

"मी? पन्नास वर्षं सुकाणू धरलं ते याच्यासाठी?"

पण ओतलं त्यानेच. वरामणापाशी, म्हणजे गलबताच्या मागच्या टोकाला, सुकाणूच्या मागे, एक गोणपाट आडवं बांधून दिलं होतं, तिथून तो रोज मडकं घेऊन जायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "चला, राणीसाहेबांचा नजराणा आला." तारिमा ऐकून घ्यायची. तिने चुलीपाशी बसून मासे भाजून दिले तर तिवो आणि त्याचा चुलतभाऊ रुमा तिच्या हातचं खायचे नाहीत. स्वतःची कासोआमी पाण्यात बुडवून तशीच चावायचे आणि तिच्याकडे बघत चावायचे. हामुरु खायचा, पण पाठ करून.

वारा चांगला होता, म्हणून कुणाला काही म्हणता येत नव्हतं. सहाव्या दिवशी सरपण घ्यायला ते एका ओसाड बेटाशी थांबले. वाळू, चार माड, कासवांच्या पावलांचे चर. गोडं पाणी नाही. लाकडं वर चढवून झाल्यावर तिवो हामुरुला म्हणाला, हळू नाही, तिला ऐकू जाईल असंच म्हणाला, "इथं ठेवू या. नारळ आहेत, कासवांची अंडी आहेत. परत येताना घेऊ."

"परत येताना म्हणजे पाच महिन्यांनी," बेंगो म्हणाला.

"आठ वर्षं जगलीच ना? पाच महिन्यांनी काय होतंय."

तारिमा हामुरुकडे बघत होती. हामुरु "नाही" म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला नाही. तो बेटाकडे बघत राहिला, मग आभाळाकडे, मग दोराच्या गाठीशी चाळा करत राहिला. माणूस हिशेब करत असला की असंच करतो.

"पाय मोकळे करायला उतरता का, वहिनी?" शेवटी तो म्हणाला.

"नको."

"जरा बरं वाटेल."

"मला बरंच आहे. भावजी, मी घरून निघताना तुमच्या आईला सांगून आलेय कुणाबरोबर चाललेय ते. परत गेल्यावर त्यांना काय सांगायचं ते आत्ताच ठरवा, म्हणजे सगळ्यांचं सारखं येईल."

बेंगो फसकन हसला. हामुरुचं तोंड उतरलं. तो गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेकडे जाऊन नांगराच्या दोराशी उगाचच जोरजोरात झटू लागला. त्या दिवशी तारिमा एका जागेवरून हलली नाही. उन्हाने डोकं भणभणलं तरी हलली नाही.

नवव्या दिवशी सकाळी वायव्येकडून काळी भिंत उठली. शीड अर्धं उतरवेपर्यंत वारा येऊन आदळलासुद्धा. गलबत लाटेवर चढायचं आणि असं खाली पडायचं की मालातली मडकी फुटल्याचा आवाज वर यायचा. दोन-तीन तास असं चाललं आणि नाळेजवळच्या दोन फळ्यांमधला काथ्या सुटला. पाणी बोटभर धारेने आत यायला लागलं.

सुकाणूवर एकट्याचं काम नव्हतं. हामुरु आणि बेंगो, दोघं त्याला छातीने रेटून उभे होते. रुमाचा हात दोराच्या कप्पीत सापडून बोटं ठेचली होती. तो एका हाताने शिडाला लोंबकळत होता. तिवो खाली उतरून घासलेटच्या कापलेल्या डब्याने पाणी उपसत होता. एवढ्यात वरचा दोर तुटला, शीड फडफडत पाण्यावर आपटायला लागलं. गलबत आडवं होणार हे तारिमालासुद्धा कळलं.

"तिवो, वर ये!" हामुरु ओरडला.

"पाण्याचं काय?"

"वर ये, नाहीतर पाणीच पाणी!"

तिवो वर गेला. डबा खाली तरंगत राहिला. तारिमा फळ्या सरकवून आत उतरली. पाणी मांडीपर्यंत होतं, कोयत्यांचे गठ्ठे त्यात बुडाले होते. तिने डबा धरला.

"डब्याला हात लावू नकोस!" वरून तिवो किंचाळला. तो परबाणाला, शिडाच्या आडव्या काठीला, दोन्ही पायांनी विळखा घालून दोर ओढत होता. "ए बाई! टाकू नकोस बाहेर! सांगतोय ना!"

"मग तू ये खाली!"

"मला जमत असतं तर—"

लाटेने त्याचं पुढचं गिळलं.

तारिमाने डबा भरला आणि ती थांबली. तिचे हात खरंच थांबले. वर चार माणसं होती. त्यातला एक अंदारुच्या पाठचा भाऊ. आठ वर्षांपूर्वी तिने उंबऱ्याबाहेर घरातलं पाणी लोटलं होतं आणि समुद्राने सहा जण नेले होते. हे तिवोला जितकं खरं वाटत होतं तितकंच तिलाही. आता हा डबा बाहेर गेला तर त्याच्यामागे कोण जाणार? नाही टाकला तर सगळेच जाणार, हे समोर दिसत होतं. आणि तिकडे ती पोर, सुजलेल्या पायांनी विहिरीवर जात असेल, कुणी पाणी आणून देत असेल का नसेल.

"बिस्मिल्ला," म्हणत ती समुद्राशी बोलली. "तुम्हाला पाहिजे तेवढे नेलेत. आता बास."

पहिला डबा तिने डोक्यावरून वर फेकला. मग दुसरा. मग तिने मोजणं सोडलं. पाणी मांडीवरून कमरेला आलं, कमरेवरच अडलं, खूप वेळ अडलं, आणि हळूहळू मांडीवर उतरलं. डब्याच्या कापलेल्या कडेने तिच्या दोन्ही तळव्यांची साल निघाली. ऊन कलायला आलं तेव्हा वारा पडला. तिवो खाली आला, त्याने काथ्या आणि जुन्या सारोंगाची चिंधी फटीत ठोकून बसवली. तिच्याकडे न बघता तिच्या हातातून डबा काढून घेतला.

चौघंही होते. तिने वर येऊन आधी तेच बघितलं.

तिवो ओला सारोंग पिळत म्हणाला, "पाणी हिनंच आत बोलावलं, हिनंच बाहेर काढलं. त्यात काय मोठं."

"मग परत बोलवायला सांग," बेंगो म्हणाला. "माझी पाठ धुवायची राहिलीये."

हामुरुने खोबरेलाची बाटली आणून तिच्यासमोर ठेवली, हातांना लावायला. ठेवून तो तिथेच बसला.

"वहिनी, एकदा खरं सांगा. त्या दिवशी धुतलं होतं का घर?"

"धुतलं होतं."

"का?"

"लहर आली."

"लहर," तो म्हणाला. "माझा भाऊ होता तो."

"माझा नवरा होता."

तो उठून गेला. तोलेहा येईपर्यंत पाच दिवस तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही, आणि तिवोने तिच्या हातचं खाल्लं नाही ते नाहीच.

तोलेहाला धक्का नाही. छातीभर पाण्यातून चालत किनाऱ्यावर जावं लागतं. बोचकं डोक्यावर घेऊन तारिमा गेली, लोकांना विचारत लेकीच्या घरापाशी पोचली. हासना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तारिमाने तिचा चेहरा बघायच्या आधी पाय बघितले. घोटे दिसतच नव्हते. पायांवर त्वचा ताणून चकाकत होती.

"कुणी बोलावलं तुला?"

"कुणी नाही. बस खाली. उभी राहू नकोस."

"वाटेत कुणाला बुडवलंस?"

मागून तिवो कोयत्यांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन चालला होता. तो थांबला. "चौघं निघालो होतो, चौघं आलोय. मोजून घे," तो म्हणाला. "आणि हिला ठेवून घे बाई. नाहीतर परत आमच्याच गळ्यात."

हासनाने घरात घेतलं नाही. जावई गरीब होता, दोघींच्या मध्ये पडायची त्याची छाती नव्हती. त्याने मागच्या बाजूला चुलीच्या आडोशाला एक चटई टाकून दिली. तिथे तारिमा राहिली. गलबताची फट नीट भरायची होती, माल आसपासच्या वाड्यांवर विकायचा होता, तोवर हामुरु थांबणार होता. तेवढेच दिवस तिच्या हातात होते.

तिने चूल ताब्यात घेतली. हासनाच्या जेवणातलं मीठ बंद केलं. दिवसभर तिला डाव्या कुशीवर निजवून ठेवलं, हासना उठली की तारिमा दाराबाहेरूनच ओरडायची, "पड!" गावच्या सुईणीने सूज दाबून बघितली, बोटाचा खड्डा कितीतरी वेळ तसाच राहिला. सुईण तारिमाला बाजूला घेऊन म्हणाली, "डोळ्यापुढं अंधारी आली तर मला लगेच बोलव. मग थांबता येणार नाही."

"बापाला खाल्लं, आता माझं मीठपण खा," हासना आतून म्हणाली.

"खाते. तू पड."

नवव्या दिवशी सकाळी अंधारी आली आणि दुपारपासून कळा सुरू झाल्या, दिवस भरायला पाच आठवडे असताना. सुईण आली. तिला एकटीला आवरणार नव्हतं, ती तारिमाला म्हणाली, "मागून धर हिला." तेव्हा पहिल्यांदा तारिमा त्या घराच्या आत गेली. हासनाला नको म्हणायचीही ताकद नव्हती. तारिमाने मागे बसून तिला काखेतून धरलं. हासनाने तिच्या सोललेल्या तळव्यांत नखं रुतवली. तारिमाने हात काढून घेतला नाही.

एका कळेच्या आणि दुसऱ्या कळेच्या मध्ये, डोळे मिटलेले असताना, हासना म्हणाली, "का धुतलंस त्या दिवशी? मला फक्त एवढं सांग. का?"

तिच्या केसांना घामाचा वास येत होता. लहानपणी तापात यायचा तोच. तारिमाच्या ओठावर आलं होतं. सुईण गुडघ्यांपाशी बसली होती, जावई दाराबाहेर होता. कुणी हसलं नसतं, कुणी बिनोंकोला जाऊन सांगितलं नसतं. पोरीला मात्र उरलेलं आयुष्य ते घेऊन जगावं लागलं असतं.

"डोकं फिरलं होतं माझं," तारिमा म्हणाली. "आता जोर लाव."

"तुझं कायमच फिरलेलं—" आणि पुढची कळ आली.

मूल झालं तेव्हा निळं होतं आणि रडत नव्हतं. मुलगी. सुईणीने तिला पायाला धरून उलटी केली, पाठ चोळली, तोंडात बोट घालून चिकटा काढला. तेवढ्या वेळात तारिमाच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. मी आत यायलाच नको होतं, हेही येऊन गेलं. मग त्या एवढ्याशा तोंडातून मांजरासारखा आवाज आला, आणि नंतर चांगलाच मोठा.

हासनाला दोन दिवस डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सूज उतरायला लागली, आणि ती पहिली गोष्ट म्हणाली ती ही, "जेवणात मीठ घाला आता, शेणासारखं लागतंय."

चौथ्या दिवशी गलबत पुढच्या बेटांकडे निघायचं होतं, आणि वारा फिरला की तिकडूनच बिनोंकोला परतायचं होतं. हामुरु घराशी आला. अंगणात उभा राहून त्याने आधी बाळाला, भावाच्या नातीला, लांबूनच बघितलं. मग तो तारिमाला म्हणाला, "वहिनी, येताय का? जागा आहे."

तिवो त्याच्या मागे उभा होता. त्याचं तोंड बघून वाटावं, हिला हो म्हणायची बुद्धी होऊ नये म्हणून तो नवस बोलतोय.

तारिमा चुलीपाशी उकिडवी बसली होती. घर तिचं नव्हतं. आत या असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. कळा सुरू असताना घेतलं होतं, त्याला काही अर्थ नव्हता. तिने बोचकं बांधून चटईवर ठेवलेलंच होतं, सकाळपासून. ती उठली आणि बोचक्याकडे चालू लागली.

"ती कुठं जाते?" आतून हासनाचा आवाज आला. चिडलेलाच होता. "चाळीस दिवस माझं पाणी कोण तापवणार? तुम्ही तापवणार का, काका?"

"अगं, मी आपलं विचारलं—"

"विचारलंत ना? झालं. जा आता. आणि तिला म्हणावं, पाणी संपलंय."

हामुरु मागे वळला. तिवो तर केव्हाच किनाऱ्याच्या वाटेला लागला होता, जवळजवळ पळतच.

तारिमाने चटईवरचं बोचकं उचलून दाराच्या आत, भिंतीशी ठेवलं. मग घागर घेतली. विहीर कुठल्या बाजूला आहे हे तिला बारा दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. जावईच पाणी आणायचा. तिने समोरून येणाऱ्या एका बाईला थांबवलं आणि विचारलं.

"कुणाच्या घरची तुम्ही?" बाईने तिला खालीवर न्याहाळत विचारलं.

"हासनाच्या," तारिमा म्हणाली.